फ्री म्हणजे फुकट नव्हे!

शाळा उघडली की पहिले आठ-दहा दिवस आम्ही शिक्षक मंडळी शिकवतो कमी आणि लिहितो जास्त. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता... एकेका मुलाला टेबलापाशी बोलवायचं आणि रकाने भरायचे. त्या रांगेत उभं राहून तुम्हीही कंटाळला असालच.

दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात असेच रकाने भरत होते. एका मुलानं पत्ता सांगितला, "सेटलमेंट फ्री कॉलनी, सोलापूर." मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "फ्री कॉलनी म्हणजे फुकट कॉलनी बे!" झालं, सगळा वर्ग हसला. तो मुलगाही हसला. पण हसू ओसरल्यावर हळूच मला म्हणाला, "बाई, खरंच फुकट मिळाली होती का हो आमाला?"

मला उत्तर देता येईना. मी जन्माची सोलापूरकर. त्या भागातून रिक्षानं, सिटी बसनं शेकडो वेळा गेलेली. पाटीवर ते नाव वाचलेलं. पण ते का पडलं, हा प्रश्न काही डोक्यात आला नव्हता. "उद्या सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. (बाई "उद्या सांगते" म्हणाल्या की काय समजायचं, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे!) माझा तो 'उद्या' पुढे चांगला दोन महिने लांबला. कारण शोधायला लागले आणि एकातून एक निघतच गेलं.

उत्तर आधी सांगून टाकते. फ्री म्हणजे फुकट नव्हे. फ्री म्हणजे मोकळी. तारेच्या बाहेरची.

कुठली तार, असंच ना?

सोलापुरात पूर्वी एक मोठी वस्ती होती. तिच्याभोवती काटेरी तारेचं कुंपण होतं. आत माणसं राहत होती. आई, वडील, आजी, पाळण्यातली बाळं, तुमच्याएवढी मुलं, सगळी. त्यांतल्या कितीतरी जणांनी कधी कुणाची काडी उचललेली नव्हती. तरी सरकारच्या वहीत ते 'गुन्हेगार' होते. कारण त्यांची जात गुन्हेगार ठरवली होती.

समजा, तुमच्या आडनावाच्या एका माणसानं लांबच्या कुठल्या गावात चोरी केली. पोलिसांनी त्याला पकडलं, शिक्षा झाली. इथवर ठीक. पण मग पोलीस तुमच्या घरी आले आणि म्हणाले, "तुमचं आडनाव तेच ना? चला, बोटांचे ठसे द्या. आजपासून रोज ठाण्यावर हजेरी लावायची. आम्हाला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही." तुम्ही म्हणाल, "अहो, पण मी काय केलं?" ते म्हणतील, "तू काही करायची गरजच नाही."

कायदा नेमका असाच होता. त्याचं नाव गुन्हेगार जमाती कायदा. इंग्रज सरकारनं तो १८७१ साली आधी उत्तर हिंदुस्थानात आणला. १९११ साली तो नव्यानं करून देशभर लागू करण्याची सोय केली आणि मग आपल्या मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला. कैकाडी, पारधी, भामटा, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा कितीतरी जमाती त्याच्या यादीत गेल्या.

इंग्रज अधिकाऱ्यांचा हिशेब मोठा गमतीचा होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा लोहार. म्हणजे चोराचा मुलगा चोर होणारच! म्हणून सगळी जमातच नजरेखाली ठेवायची. आता ही माणसं गावोगाव का फिरत होती, ते पाहा. कैकाडी टोपल्या-कणग्या विणून विकायचे. पारधी शिकार करायचे. कुणी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लांब पोचवायचे. मग आगगाडी आली आणि बैलांचा तांडा बसला. जंगलाचे कायदे आले आणि शिकार बंद झाली. पोटासाठी काहींनी चोऱ्याही केल्या, हे खोटं नाही. पण त्या काहींनी केल्या होत्या आणि वहीत नाव सगळ्यांचं लागलं.

या कायद्याखाली सरकारनं ठिकठिकाणी वसाहती केल्या. विजापूर, हुबळी, गदग, बारामती आणि आपलं सोलापूर. या वसाहतींना इंग्रजीत सेटलमेंट म्हणत. तेच नाव आपल्याकडे रूढ झालं. स्टार्ट नावाचे इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्यातल्या या वसाहतींचे प्रमुख होते. सोलापूरच का, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. गिरण्या! आपली जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, मग आणखी गिरण्या आल्या. सगळ्यांना हात हवे होते. सरकारला माणसं एका जागी बसवायची होती आणि गिरण्यांना कामगार हवे होते. दोघांचीही सोय झाली. ज्यांची सोय झाली असं म्हणत होते, त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

दिवस कसा जायचा? भोंगा झाला की फाटकाशी हजेरी. मग गिरणीत काम. परत आल्यावर पुन्हा हजेरी. लग्नाला, मयताला, जत्रेला जायचं तर आधी पास काढायचा. पासावर कुठे जाणार आणि कधी परतणार ते लिहिलेलं. वेळेत परतलं नाही तर तो गुन्हा. गंमत बघा, ज्यानं आयुष्यात चोरी केली नव्हती, त्याचा पहिला गुन्हा बहुधा हाच असेल: मामाच्या लग्नात एक दिवस जास्त राहिला!

मी त्या मुलाच्या घरी गेले होते. त्याची पणजी आहे, नव्वदीला टेकलेली. कानानं कमी ऐकते, पण आठवण लख्ख. तारेबद्दल विचारलं तर म्हणाली, "तार लई उंच नव्हती बाई. पोरंसोरं खालून सरपटून जायची. पर कुटं जाणार? भाईर गेलं की लोक म्हणायचे, आलं सेटलमेंटचं!" मग थोडं थांबून तिनंच मला विचारलं, "तुमी साळंत रोज हजरी घेता न्हवं?" मी म्हटलं, "घेते." ती म्हणाली, "आमची पन घ्यायचे." बस्स, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीपट उघडताना माझा हात जरा अडखळला, हे तुम्हाला सांगायला हवं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकाच बाजूचं सांगतात. सेटलमेंटमध्ये शाळा होती. मुलांना शाळेत जावंच लागे. औषधपाण्याची सोय होती. काही मुलं हातकाम शिकली. तिथं काम करणाऱ्यांत मनापासून तळमळीनं काम करणारीही माणसं होती. जे कुटुंब नीट वागेल, नियमानं कामावर जाईल, त्याला बढती मिळे. बढती म्हणजे काय? तारेच्या बाहेर घर बांधून राहायची परवानगी! त्या बाहेरच्या वस्तीचं नाव 'फ्री कॉलनी'. मिळालं ना आपलं उत्तर? ती फुकट मिळालेली कॉलनी नव्हे. कितीतरी वर्षं भोंग्याला उठून, हजेरी लावून, पास काढून मिळवलेली कॉलनी होती ती. आणि तीही, जे मुळात सगळ्यांना जन्मतःच असतं तेच मिळवण्यासाठी.

मला मात्र एक कोडं सुटत नाही. ज्यानं काही केलंच नाही, त्याला सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? गणित चुकलेल्या मुलाला मी गणित पुन्हा घालते. ज्याचं बरोबर आलंय त्याला काय घालू?

या कायद्यात आणखी एक गोष्ट होती आणि मला ती तारेपेक्षा जास्त टोचते. एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की ते बरोबर की चूक, हे कुठल्याही कोर्टाला विचारता येत नसे! म्हणजे माणसांवर देखरेख करायला शिपाई, अधिकारी, वह्या, ठसे, पास, सगळं होतं. पण देखरेख करणाऱ्यांवर देखरेख कुणाची? कायद्यानं तो दरवाजाच बंद करून टाकला होता.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हाही हा कायदा होताच. आपल्या मुंबई प्रांतानं तो १९४९ साली रद्द केला आणि सगळ्या देशातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. स्वातंत्र्यदिनापासून मोजा बरं, किती वर्षं आणि किती दिवस होतात? पाच वर्षं आणि सोळा दिवस. या लोकांना मग 'विमुक्त' म्हणू लागले. विमुक्त म्हणजे सोडवलेले. पंडित नेहरू सोलापूरला आले आणि त्यांनी आपल्या हातानं तार तोडली, अशी आठवण आजही सांगितली जाते. ३१ ऑगस्ट हा दिवस ही मंडळी विमुक्त दिन म्हणून पाळतात. पुढे या समाजांतल्या लेखकांनी आपलं आयुष्य लिहूनही काढलं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही दोन्ही पुस्तकं साहित्य अकादमीच्या पुरस्काराची मानकरी ठरली. अजून थोडे मोठे झालात की जरूर वाचा.

बरं, आता आपण सोलापूरच्या स्टँडवरून एसटीत बसू या आणि पश्चिमेकडे जाऊ. सांगोला मागे टाकायचं आणि सांगली जिल्ह्यात आटपाडीला उतरायचं. का, ते सांगते. सोलापुरात काही न केलेली माणसं तारेच्या आत होती. आणि त्याच काळात आटपाडीजवळ, चक्क खून केलेली माणसं बिनकुंपणाच्या माळावर शेती करत होती!

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे मोठे भोक्ते. शाळेत सूर्यनमस्कार घालताना दमछाक झाली तर थोडा दोष या राजेसाहेबांना द्यायला हरकत नाही! ते चित्रकारही होते. गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ साली त्यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती दिले. राजानं आपण होऊन राज्य सोडायचं, ही तेव्हा नवलाचीच गोष्ट. त्यांच्या मदतीला मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर होते. हे गृहस्थ बंगळूरला कारखाना चालवायला आले आणि गांधीजींच्या नादानं चरखे सुधारायला बसले. अशा दोन वल्ली एकत्र आल्यावर काहीतरी वेगळं घडणारच. कैद्यांना भिंतीआड ठेवण्यापेक्षा जमीन द्यावी, कामाला लावावं, बायकामुलांसह राहू द्यावं, असा विचार पुढे आला. १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ त्यांची वसाहत उभी राहिली. नाव काय ठेवलं? स्वतंत्रपूर! तुरुंगाचं नाव स्वतंत्रपूर!

तुम्ही लगेच विचाराल, "आणि कैदी पळून गेले तर?"

माझ्या वर्गानंही हेच विचारलं. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, का पळणार नाहीत?" एकजण म्हणाला, "बंदूकवाला पोलीस असेल." नाही. "कुत्रे असतील." नाही. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, घरचे तिथंच असले तर तो पळून कुठं जाईल?" तिनं बरोबर ओळखलं. आणखीही कारणं आहेत. तिथं कुणालाही उचलून पाठवत नाहीत. शिक्षेतला काही काळ बंद तुरुंगात काढलेला, वागणूक चांगली असलेला कैदी निवडून पाठवतात. तिथं काम केलं की शिक्षेत सूट मिळते. पळाला तर पुन्हा उंच भिंतीआड जावं लागतं आणि शिक्षा वाढते ती वेगळीच. आणि त्यानं स्वतः पेरलेलं पीक उभं असतं. पीक सोडून शेतकरी जातो का कुठं?

याच कल्पनेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा काढला. कथा गदिमांची, म्हणजे ग. दि. माडगूळकरांची. माडगूळ हे गाव आटपाडी तालुक्यातलंच बरं का! एक जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड माळावर शेती करायला निघतो, अशी ती गोष्ट. सहा कैद्यांचे बारा हात आणि जेलरचे दोन डोळे. शूटिंगमध्ये बैलाशी झटापट करताना शांतारामांच्या डोळ्यांनाच इजा झाली होती. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला बक्षीस मिळालं. पण त्यात मला आवडतं ते त्याचं नाव. देखरेखीला दोन डोळे पुरले! सोलापूरच्या तारेला किती डोळे लागत असतील?

औंध संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं, पण स्वतंत्रपूर बंद पडलं नाही. आजही ते महाराष्ट्राच्या कारागृह खात्याची खुली वसाहत आहे. जागा फार नाही, अठ्ठावीस कैद्यांपुरती. शिवाय येरवडा, पैठण अशा ठिकाणी खुली कारागृहं आहेत. पैठणचं १९६८ सालचं.

पण मित्रांनो, लगेच असं समजू नका, की सगळे तुरुंग आता स्वतंत्रपूर झाले. बहुतेक तुरुंगांना भिंती आहेत आणि आत दाटीवाटी आहे. २०२२ सालाच्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली सुमारे ४ लाख ३४ हजार 'कच्चे कैदी' होती. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे, ज्याला कोर्टानं गुन्हेगार ठरवलेलं नाही असा. शिक्षा झाली की तो पक्का कैदी. म्हणजे दर चार जणांतले तीन कच्चे! यातले काही पुढे निर्दोष सुटतील. तोवर गेलेली वर्षं कोण परत देणार?

पक्क्या कैद्यांना काम असतं. सुतारकाम, शिवण, हातमाग, शेती. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी टेबल-खुर्च्या तुरुंगातल्या सुतारशाळेत होतात. नाशिकच्या कारागृहात तर गणपतीच्या मूर्तीही घडवतात. आपण सोलापूरकर म्हणजे चादरीवाले. तुरुंगातल्या मागावरही चादरी आणि सतरंज्या विणतात, हे ऐकून बरं वाटलं. चांगल्या वागणुकीवर रजाही मिळते. 'संचित रजा' आणि 'अभिवचन रजा' अशी तिची भारदस्त नावं आहेत. अभिवचन म्हणजे परत येण्याचा दिलेला शब्द.

कामाचे पैसे मिळतात का? मिळतात. पूर्वी ते इतके किरकोळ असत की ते न दिल्यासारखेच. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सक्तमजुरीची शिक्षा असली तरी कामाचा वाजवी मोबदला द्यायला हवा. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. त्या मजुरीतला काही भाग बाजूला काढून, ज्यांना त्या गुन्ह्याची झळ बसली त्यांच्यासाठी ठेवावा. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचा माणूस गेला, त्याचाही विचार कुणीतरी केला पाहिजे ना!

आणि देखरेख करणाऱ्यांवर देखरेख? ती सुरू झाली एका पत्रामुळे. १९७९ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगातून सुनील बात्रा नावाच्या कैद्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. तक्रार स्वतःची नव्हती. दुसऱ्या एका कैद्याचा पैशासाठी तुरुंगातल्याच वॉर्डरनं अमानुष छळ केला होता, ते त्यानं कळवलं. वकील नाही, स्टँपपेपर नाही, साधं पत्र. न्यायालयानं तोच अर्ज मानला आणि चौकशी केली. निकालात सांगितलं, की तुरुंगात गेला म्हणून माणसाचे हक्क संपत नाहीत. तुरुंगात तक्रारपेटी असावी आणि ती जेलरच्या नव्हे, न्यायाधीश आणि जिल्हाधिकारी यांच्या देखरेखीखाली असावी. न्यायाधीशांनी तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलावं. तुमच्या शाळेतही भिंतीवर तक्रारपेटी टांगलेली असेल. तिची किल्ली कुणाकडे असते, ते एकदा बघा. मी आमच्याकडे बघितलं. कुलूप गंजलेलं होतं. तेल घालून उघडलं तर आत चॉकलेटचे कागद!

म्हणजे १८७१ च्या कायद्यानं बंद केलेला दरवाजा शंभराहून अधिक वर्षांनी एका कैद्याच्या पत्रानं उघडला. पण जुन्या गोष्टी चिवट असतात. काही राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत जातीवरून कामं वाटायचं चालूच राहिलं. झाडू कुणी मारायचा, संडास कुणी साफ करायचा, स्वयंपाक कुणी करायचा, हे कैद्याची जात बघून! आणि एका राज्याच्या पुस्तकात तर असंही होतं, की भटक्या जमातींच्या माणसांना पळून जायची मूळचीच सवय असते, म्हणून त्यांच्यावर रात्रीच्या पहाऱ्याचं काम सोपवू नये. कायदा १९५२ ला गेला, पण वाक्य राहिलं! मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे सगळं शोधून लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयानं असे नियम घटनाबाह्य ठरवले. तुरुंगाच्या वहीतला जातीचा रकाना काढून टाका, असंही सांगितलं.

त्या निकालाची बातमी मी पेपरात वाचली तेव्हा चहाचा कप हातातच राहिला. कारण त्याच आठवड्यात माझ्या वर्गात एक गोष्ट घडली होती. सांगू की नको, असा बराच विचार केला. पण तुम्हाला एवढं सगळं सांगितलं आणि हे लपवलं तर ते बरं दिसणार नाही.

वर्गातल्या एका मुलीची नवी कंपासपेटी हरवली. वाढदिवसाला मिळालेली, चुंबकाच्या झाकणाची. ती रडायला लागली. दप्तरं शोधायची ठरलं. आणि कुणी काही बोलायच्या आधीच पाच-सहा मुलांचे डोळे एकाच बाकाकडे वळले. फ्री कॉलनीच्या त्या मुलाकडे. मुलांचं सोडा. माझेही डोळे तिकडेच वळले. मी एक शब्द बोलले नाही, पण पहिलं दप्तर उघडलं ते त्याचं. त्यानं स्वतःच ते माझ्यापुढे केलं होतं, मी मागायच्या आधी. जणू ही हजेरी त्याला पाठ होती.

त्याच्या दप्तरात वह्या, अर्धी पेन्सिल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली भाकरी होती. कंपासपेटी संध्याकाळी सापडली. ती मुलगी आदल्या दिवशी ज्या रिक्षानं घरी गेली, त्या रिक्षाच्या सीटमागे.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी वर्गासमोर उभी राहिले. सेटलमेंटची सगळी गोष्ट सांगितली. तार, भोंगा, पास, ठसे, बाहेरची फ्री कॉलनी. 'फुकट कॉलनी' म्हणणारा मुलगा खाली बघत होता. मग मी म्हटलं, "काल मी सगळ्यांत आधी ह्याचंच दप्तर का उघडलं, त्याला काही कारण नव्हतं. माझं चुकलं." आणि त्याच्याकडे बघून म्हटलं, "मला माफ कर, बाळा."

बाईंना असं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो गडबडून उभा राहिला. शर्टाचं टोक चाळवत क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "बाई, दोन महिन्यांमागं तुमी 'उद्या सांगते' म्हणला होता, ते हेच का?"

"हो, हेच."

"मग मी आज घरी पणजीला सांगू का, वर्गात सगळ्यांना कळलं म्हणून?"

मी म्हटलं, "सांग की." तो बसला. मग मी फळ्यावर तारीख लिहिली आणि आम्ही भागाकाराची राहिलेली उदाहरणं घेतली.